सोशिक वेल

अंजनवाडीत त्या साली बागा दोनच प्रकारच्या उरल्या होत्या: अभय जातीच्या आणि आजारी. गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा होता आणि आपली बाग त्यात हिरवी आहे की लाल हे बघितल्याशिवाय कुणी सकाळचा चहा तोंडाला लावत नव्हतं. उपग्रहाला पानांचा रंग तेवढा कळतो. पान हिरवं तर बाग निरोगी, पान करपलं तर बाग रोगट. कपड्यांवरून माणसाची पारख करावी तसलाच हा प्रकार, पण तो आकाशातून चालायचा म्हणून त्याला शास्त्र म्हणायचे.

रोगाचं नाव जळक्या. कागदोपत्री त्याला लांबलचक लॅटिन नाव होतं, पण ज्यांच्या बागा जळत होत्या त्यांनी आपलं नाव ठेवलं होतं. कुठून तरी परदेशातून आणलेल्या रोपांबरोबर हा जीवाणू आला आणि तासगावच्या अख्ख्या द्राक्षपट्ट्यात पसरला. पानं कडेनं करपायची, मग घड सुकायचे, आणि दोन-तीन हंगामांत वेल उभीच्या उभी वाळायची. औषध नव्हतं. नियम मात्र होता: प्रत्येक गावात रोगाचा उगम ज्या बागेत असेल ती बाग मुळासकट काढायची. उगम कुठला हे द्राक्ष संशोधन केंद्राच्या तज्ज्ञानं जागेवर येऊन ठरवायचं. आजवर गावोगावी उगम म्हणून नकाशातली सगळ्यात लाल बागच ठरत आली होती. दुसरं काही ठरवायचं असतं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

अंजनवाडीतली सगळ्यात लाल बाग नाना म्हेत्र्यांची होती आणि ती काढायचा शेरा मारायला केंद्रानं पाठवलं होतं नानांच्याच पुतणीला, डॉ. केतकी म्हेत्रेला. खरं तर केतकी प्रयोगशाळेतली, बागा काढणं तिचं काम नव्हे. पण संचालक निंबाळकर मोठे धोरणी. घरचीच मुलगी गेली म्हणजे बोंबाबोंब होत नाही, असं त्यांनी तिला हसत हसत सांगितलं होतं. ते हसणं केतकीला गावात पोचेपर्यंत टोचत राहिलं.

ती पोचली खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी. नाना बागेत मांडवाखाली खराटा घेऊन झाडत होते. वरची पानं करपून कागदासारखी वाजत होती आणि खाली म्हातारा वाळला पाला एका बाजूला ओढत होता.

"नाना, उद्या काढायची बाग आज कशाला झाडताय?"

"आलीस व्हय?" नाना कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "पावणं येणार म्हटल्यावर दार झाडत न्हाईत का? मशीनवाला येऊन म्हणायला नको, म्हेत्र्याची बाग उकिरडा हुती म्हणून."

हे तिचे चुलते. तिला डोळा भरायला, म्हणजे एका वेलीचा कोंब दुसऱ्या वेलीच्या बुंध्यात बसवायला, ह्यांनी शिकवलं होतं. विद्यापीठानं नंतर फक्त त्याला इंग्रजी नावं दिली. त्यांच्या बागेत पूर्वी कधी तरी थॉम्पसन जातीच्या एका वेलीवर एकच काडी वेगळी फुटली होती, लांब आणि पिवळसर मण्यांची. नानांनी ती वाढवली, तिचं नाव चांदणी ठेवलं, आणि जो मागेल त्याला फुकट वाटली. काडी मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, वेलीचा वंश वाटल्यानं वाढतो, असं ते म्हणायचे. निम्म्या तालुक्यात चांदणी होती, आणि त्यातल्या एकाही काडीचा पैसा नानांच्या हाताला लागला नव्हता.

"गाव काय म्हणतंय?" केतकीनं विचारलं.

"गाव बरोबरच म्हणतंय. मानाची छाटणी माझ्या बागंत व्हायची. गेल्या साली हितनंच कात्र्या गावात गेल्या, आन त्यांच्यासंगं जळक्याबी गेला." नानांनी खराटा खोडाला टेकवला. "उद्याच्या पूजेला मला बोलावलं न्हाई. कात्री घिऊन येऊ नका म्हनून निरोप आलाय. तुझ्या भावानं, संग्रामनंच धाडला. त्याचं तरी काय चुकलं म्हना."

अंजनवाडीची ही रीत जुनी आहे. ऑक्टोबरची फळछाटणी खंडेनवमीनंतर सुरू होते. त्या दिवशी गावातल्या आणि छाटणीवाल्या टोळ्यांच्या सगळ्या कात्र्या गावातल्या सर्वांत चांगल्या बागेत घोंगडीवर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूच्या फुलांनी पूजतात. मग प्रत्येक कात्रीनं त्या बागेत एकेक काडी छाटायची आणि तशीच, न धुता, आपापल्या बागेत न्यायची. धुतली तर बरकत जाते. चांगल्या बागेची बरकत कात्रीच्या पात्यावरून गावभर जावी, एवढीच त्यातली भावना. भावना फार सुंदर आहे. जीवाणूलाही ती फार आवडली असणार.

यंदा तो मान केतकीच्या सख्ख्या भावाला, संग्रामला मिळाला होता. नानांच्या बांधाला लागून त्याची बाग. अभयची. नकाशात पाचूसारखी हिरवी.

केतकी बोलत बोलत बागेच्या कडेला आली आणि थबकली. बांधाजवळच्या ओळी पार गेल्या होत्या. त्यांच्या आतल्या ओळींत एखाद-दुसरं पान जिवंत होतं. जसजसं विहिरीकडे जावं तसतशी बाग हिरवी होत गेली होती, आणि अगदी टोकाला चांदणीची ती मूळ वेल अजून टवटवीत उभी होती. रोग जर या बागेत जन्मला असता तर तो इथून बाहेर गेला असता. हा तर बांधावरून आत आलेला दिसत होता. केतकीनं वळून बांधापलीकडे पाहिलं. पलीकडे तिच्याच हातची वेल डोलत होती.

होय, अभय ही केतकीचीच करणी. त्यासाठी थोडं शास्त्र सांगायला हवं, पण घाबरायचं कारण नाही. केतकी ते शाळकरी मुलांनाही सांगायची.

जळक्याचा जीवाणू राहतो वेलीच्या जलवाहिन्यांत, म्हणजे मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या बारीक नळ्यांत. पण तो स्वतः वेलीला मारत नाही. वेलीच्या पेशींवर एक पहारेकरी प्रथिन असतं. जीवाणूची चाहूल लागली की ते आरडाओरडा करतं, आणि वेल शत्रूला कोंडायला म्हणून आपल्याच नळ्यांमध्ये बोळे कोंबते. एक नळी बंद, दुसरी बंद, तिसरी बंद. पाणी पानांपर्यंत पोचत नाही आणि पानं कडेनं जळतात. चोर घरात शिरला म्हणून घरधन्यानं सगळी दारंखिडक्या लिंपून घ्यावीत आणि आतल्या आत गुदमरावं, तशातली गत. केतकीनं तो पहारेकरी घडवणारा जनुक शोधला आणि जनुकांची कापाकापी करणाऱ्या तंत्रानं तो गप्प केला. आता जीवाणू आला तरी वेल घाबरेना. नळ्या मोकळ्या, पाणी चालू, पानं हिरवी.

शोध खरा होता आणि मोठाही होता. पण केतकीनं अहवालात स्वच्छ लिहिलं होतं की ही वेल रोगाला हटवत नाही, रोग सोसते. तिच्यात जीवाणू सुखानं राहू शकेल. म्हणून शेतकऱ्याला देण्याआधी हिच्या शेजारी साध्या वेली लावून दोन हंगाम बघा, शेजारीण आजारी पडते का. संचालक म्हणाले होते, कंपनी ते करते आहे. कंपनीनं वेलीचं नाव 'अभय' ठेवलं, हिरव्या बागेपुढे हसणारं कुटुंब जाहिरातीत उभं केलं आणि पहिल्या टप्प्यात गावोगावच्या निवडक बागायतदारांना काड्या दिल्या. अंजनवाडीत सात जणांना मिळाल्या. करारात एक अट होती: अभयची काडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

केतकीनं पिशवीतून चाचणीचा चिमटा काढला. कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढं ते यंत्र. काडीला लावलं की थेंबभर रस ओढतं, त्यातल्या जीवाणूचा जनुकीय ठसा ओळखतं आणि तो किती आहे ते पडद्यावर दाखवतं. विहिरीजवळच्या मूळ वेलीला लावला: काही नाही. मधल्या ओळीला: थोडा. बांधाजवळच्या अर्धमेल्या काडीला: पुष्कळ. मग ती बांध ओलांडून भावाच्या बागेत गेली आणि पहिल्याच वेलीला चिमटा लावला.

आकडा पडद्यावर मावेना.

तिनं दुसऱ्या वेलीला लावला, तिसऱ्या, पुढच्या ओळीतल्या. सगळीकडे तेच. प्रत्येक हिरव्यागार वेलीच्या अंगात जीवाणूची वस्ती खच्चून भरलेली होती. पानांवरचे तुडतुडे मजेत रस पीत होते आणि कंटाळा आला की तोच जीवाणू तोंडात घेऊन बांध ओलांडून नानांच्या बागेत उड्या मारत होते. केतकीला तिथंच खाली बसावंसं वाटलं. मग इतका संताप आला की बसताही येईना.

संग्राम बागेच्या तोंडाशी मांडव घालून घेत होता. पताका, खुर्च्या, कंपनीचा मोठा फलक. बहिणीला बघून तो खुलला.

"आलीस! बघ, म्हेत्र्यांचा मान म्हेत्र्यांकडंच राहिला. नानांच्या बागेतनं फक्त बांध ओलांडून आला."

"दादा, बांध ओलांडून मान इकडं आलाय. रोग तिकडं गेलाय."

तिनं चिमटा दाखवला, आकडे दाखवले, जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगितलं. संग्रामच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"माझी बाग आजारी आहे म्हणतेस?"

"तुझी बाग आजारी नाही. तुझी बाग दुसऱ्यांना आजारी पाडते."

"पान तरी करपलंय का एखादं? उपग्रह काय खुळा आहे?" त्याचा आवाज चढला. "आणि ही काडी घ्यायला सांगितलं कुणी मला? तूच ना? माझ्या बहिणीनं काढलेली जात म्हणून मी छाती फुगवून गावभर सांगत फिरलो. चांगली पिकती चांदणीची बाग होती माझी, नानांनी दिलेली. ती छाटून अभयचे डोळे भरले. तुझ्या शब्दावर!"

ते सगळं खरं होतं.

"उद्याची पूजा थांबव," ती म्हणाली. "सगळ्या गावाच्या कात्र्या तुझ्या वेलीत बुडणार आणि न धुता घरोघर जाणार. टोळ्या पुढं सावळजला जाणार, मणेराजुरीला जाणार. ज्यांच्या बागा अजून वाचल्यात त्याही जातील."

"आणि सांगू काय लोकांना? म्हेत्र्याच्या पोरानं सख्ख्या चुलत्याची बाग मारली म्हणून?" तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "केतकी, नाना तर काही बोलत नाहीत. त्यांनी सोसलंय. तू का उकरतेस?"

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि वर संन्यासी किती शांतपणे सुळावर चढतो याचं कौतुक करायचं! केतकी वळली आणि बांधावर उभी राहून तिनं संचालकांना फोन लावला. पडद्यावर निंबाळकरांचा चेहरा आला. प्रसन्न, दाढी कोरलेला.

"झाला का शेरा मारून?"

तिनं सगळं सांगितलं. ते न टोकता ऐकत होते. त्यांना धक्का बसला नाही हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं.

"सर, ती शेजारची चाचणी कंपनीनं केलीच नाही ना?"

"केतकी, माणसं बागा गमावत होती. दोन हंगाम थांबायला वेळ कुणाकडे होता?"

"मग आता जातायत त्या कुणाच्या बागा?"

"हे बघ, शांत डोक्यानं विचार कर." निंबाळकरांचा स्वर समजूत काढणारा झाला, आणि तोच तिला जास्त झोंबला. "अडचण कुणाला आहे? ज्यांच्याकडे अभय नाही त्यांना. पुढच्या हंगामात कंपनी सगळ्यांना अभय देणार आहे. सगळीकडे अभय झाली की जळक्या आहे काय आणि नाही काय, कुणाला दिसणारही नाही. प्रश्न आपोआप सुटतो."

"आणि चांदणी? आणि गावोगाव लोकांनी आपापल्या बागेत निवडून काढलेल्या दहा जाती? त्या सगळ्या मरणार. उद्या एखाद्या नानाच्या वेलीवर नवी काडी फुटली तर ती जगणार नाही, कारण जगायचा परवाना फक्त कंपनीच्या वेलीला. याला तुम्ही प्रश्न सुटणं म्हणता?"

"तू भावनेच्या भरात बोलते आहेस. उगम तुझ्या चुलत्यांची बाग आहे, नकाशात स्पष्ट दिसतंय. शेरा मार आणि परत ये. तुझ्या बढतीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, हे मी वेगळं सांगायला नको."

फोन बंद झाला. काडी द्यायला बंदी आणि रोग मात्र ज्याला त्याला फुकट, असा हा धंदा होता. आपण पसरवलेलं दुखणं आपल्याच औषधानं बरं करायचं, आणि तेही नीट बरं नाही, नुसतं झाकायचं. कुंपणानं शेत खाल्लं तर निदान लोक कुंपणाला शिव्या देतात. इथं कुंपणाची पूजा होणार होती, उद्या सकाळी, हळदकुंकू लावून.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. संग्रामच्या बागेच्या तोंडाशी घोंगड्यांवर कात्र्यांच्या रांगा मांडल्या होत्या. लाल मुठीच्या, पिवळ्या मुठीच्या, जुन्या पोलादी, नव्या बॅटरीच्या. झेंडूच्या पाकळ्यांनी पाती झाकून गेली होती. टोळ्यांचा मुकादम हणमंता फेटा बांधून पुढे बसला होता. कंपनीचा तरुण अधिकारी पांढऱ्या शर्टात फलकाजवळ उभा होता. बाहेर रस्त्यावर बागा उपटायचं पिवळं मशीन येऊन थांबलं होतं. पूजा उरकली की ते नानांच्या बागेत शिरणार होतं. एका बाजूला पूजा आणि एका बाजूला फाशी, दोन्ही एकाच सकाळी उरकायचं ठरलं होतं, कारण नंतर सगळ्यांना छाटणीची घाई.

नाना आले नव्हते. ते बांधापलीकडे आपल्या जळक्या वेलींखाली उभे राहून पाहत होते. त्यांची कात्री त्यांच्या खिशातच होती.

नारळ फुटला. हणमंता पहिली कात्री उचलणार तोच केतकी पुढे झाली.

"हणमंता, थांबा. कात्री वेलीला लावू नका."

संग्रामनं डोळे मिटून घेतले. केतकीनं चिमटा वर धरला आणि काल भावाला जे सांगितलं तेच गावाला सांगितलं. जीवाणू कुठं राहतो, वेल का वाळते, अभय का वाळत नाही. ती म्हणाली, "लाल बागा रोग पसरवत नाहीत. लाल बागा रोगानं मारलेल्या आहेत. ज्यानं मार खाल्ला त्यालाच तुम्ही आरोपी केलंत. रोग साठलाय तो हिरव्या बागांत. या बागेत, माझ्या भावाच्या. आणि बाकीच्या सहांत."

"मॅडम," कंपनीचा अधिकारी घाईनं पुढे आला, "हे वैयक्तिक मत झालं. अभय ही प्रमाणित—"

"अभय मी बनवली आहे," केतकी म्हणाली. "तुमच्या जाहिरातीतल्या कुटुंबानं नव्हे."

लोकांत कुजबुज सुरू झाली. केतकीला वाटलं, आता हे लोक चिडतील, फलक फाडतील, नानांना हाताला धरून आणतील. मागच्या रांगेतला एक बागायतदार उठून उभा राहिला. विचार करकरून बोलावं तसं तो म्हणाला, "म्हंजे ताई, ज्याच्याकडं अभय हाय त्याची बाग जगनार, आन त्याच्या शेजाऱ्याची मरनार. असंच ना?"

"असंच."

"मग मला अभयच पायजे." तो कंपनीच्या अधिकाऱ्याकडे वळला. "सायेब, माझं नाव लिवून घ्या."

आणि मग जी झुंबड उडाली ती विचारू नका. माझंबी घ्या. आमच्या दोन्ही प्लॉटचं घ्या. माझ्या शेजाऱ्याच्या आधी माझं घ्या! जो तो अधिकाऱ्याच्या अंगावर पडत होता. लोकांना सगळं समजलं होतं. केतकी इतकं सोपं आणि इतकं स्पष्ट बोलली होती की एकालाही शंका उरली नव्हती. आणि समजल्यावर त्यांनी ठरवलं होतं की मरणाऱ्यात राहण्यापेक्षा मारणाऱ्यात असलेलं बरं. अधिकाऱ्याच्या तोंडावर पुन्हा हसू आलं. केतकीसारखी जाहिरात त्याला लाखभर देऊनही मिळाली नसती.

केतकी बघत राहिली. ज्यांनी नानांच्या दारातून फुकट काड्या नेल्या ती ही माणसं. तिला त्यांची चीड आली, पण त्याहून जास्त चीड आली ती त्यांना या कोपऱ्यात ढकलणाऱ्यांची. आणि तिच्या ध्यानात आलं की लोकांना नुसतं समजावून काही व्हायचं नाही. नियम आहे, तो वापरायला हवा.

ती रस्त्यावर गेली आणि मशीनच्या चालकाला म्हणाली, "मी केंद्राची तज्ज्ञ. उगम ठरवायचा अधिकार माझा आहे. उगमाची बाग ती नव्हे. ही आहे. मशीन इकडं घ्या."

तिचं बोट संग्रामच्या बागेकडे होतं.

गर्दीतला गलका थांबला. अधिकारी ओरडला, "तुम्ही असं करू शकत नाही! सात बागा आहेत अभयच्या. सगळ्या काढणार का?"

"सगळ्या. एकेक करून. आणि सुरुवात माझ्या घरापासून, म्हणजे कुणी म्हणायला नको." तिनं फोन काढला आणि सरकारी नोंदीत अंजनवाडीचा उगम म्हणून पहिलं नाव भरलं: संग्राम म्हेत्रे. बढतीच्या बैठकीला आता जायची गरज नव्हती हे तिला माहीत होतं.

मशीन गुरगुरत वळलं. संग्राम धावत येऊन त्याच्यासमोर उभा राहिला, दोन्ही हात पसरून. त्याच्या कपाळाला पूजेचं कुंकू होतं.

"केतकी, ही बाग गेली तर तुझं माहेर गेलं म्हणून समज," तो म्हणाला. "दिवाळीला कुणाच्या दारात येशील?"

केतकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचं तिला सुचलं नाही. "नको येऊ देऊस दादा," ती म्हणाली. "पण ज्या दारात यायचं त्याच्या शेजारचं घर मी जळताना बघणार नाही."

चालकानं मशीन थांबवलं. माणसाच्या अंगावर कोण घालणार? तेवढ्यात बांधावरून नाना उतरले. वाट काढत ते थेट केतकीजवळ आले आणि तिचा हात धरून पुटपुटले, "पोरी, जाऊ दे. खरं काय ते गावाला कळलं, माझं भागलं. हिरवी बाग कुनी काढतं का? पोराच्या हातचा घास काढून मला काय मिळनार? माझं काय, मी सोसतो."

"नाना!" केतकी इतक्या जोरात ओरडली की म्हातारा दचकला. "सोसू नका! तुम्ही सोसता म्हणून तुमची बाग लाल आणि तुम्हाला पूजेला बंदी. ही वेलसुद्धा सोसतेच आहे, बघा ना, किती छान सोसते, पान हलू देत नाही! आणि तिच्या सोसण्यानं आजूबाजूचं सगळं मरतंय. दोन-तीन हंगामांत तुमची विहिरीजवळची चांदणी वाळेल, तेव्हाही सोसणार आहात? ती वाळल्यावर तालुक्यात एक काडी उरणार नाही तिची. एक काडी!"

नानांनी मान वळवून विहिरीकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात मूळ वेलीची पानं उन्हात हलत होती. मग त्यांनी समोर झुंबडीकडे पाहिलं, अधिकाऱ्याभोवती नावं द्यायला दाटलेल्या माणसांकडे. त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्या दारात काडी मागायला उभा राहिलेला होता. एकालाही ते नाही म्हणाले नव्हते.

म्हातारा पुतण्यासमोर जाऊन उभा राहिला.

"संग्राम, बाजूला हो."

"नाना, तुम्ही..."

"न्हाई," नाना म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून गावानं पहिल्यांदा ऐकला. "न्हाई. ह्या बागंला आता न्हाईच म्हनायचं. हो बाजूला."

संग्रामचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. तो दोन पावलं सरकला आणि बांधावर बसला. मशीन त्याच्या शेजारून बागेत शिरलं.